‘पुट अप’ : दोन शब्द, अनेक अर्थ

संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा इतिहासातील एखादा विषय यावा, अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु निवासी शाळेत विषयांच्या भिंती फार पक्क्या नसतात, हे येथे राहून गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले की तो तास बहुधा आमच्याकडे येई, आणि रात्रीच्या अभ्यासिकेत मुले वही घेऊन येत तेव्हा विषय पाहून परत पाठविण्याची सोय नव्हती. अशा उसन्या तासांमध्ये शिकविलेल्या एका गोष्टीचा हिशेब गेल्या वर्षी अचानक आमच्यापुढे आला, म्हणून हा लेख.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी एका जिल्हा कार्यालयात लिपिक म्हणून नुकताच रुजू झाला आहे. एके रात्री त्याचा फोन आला. आवाजात संकोच होता. म्हणाला, “सर, तुम्ही आम्हांला शिकवलं होतं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. आज साहेबांनी फाइलवर शेरा मारलाय, ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’. सर, मागचे कागद सहन कसे करायचे?” आम्ही प्रथम हसलो, तोही हसला. मग त्यास अर्थ सांगितला, की प्रकरण मागील कागदपत्रांसह सादर करावे. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकले नाही. मुलाचे पाठांतर अचूक होते. उणे होते ते आमच्या शिकविण्यात. एका शब्दसमूहाचा एकच अर्थ फळ्यावर लिहून आम्ही मोकळे झालो होतो, आणि तो मुलगा ते ओझे आठ-नऊ वर्षे प्रामाणिकपणे वाहत होता. ती चूक येथे सविस्तर दुरुस्त करीत आहोत.

‘पुट’ म्हणजे ठेवणे, घालणे. ‘अप’ म्हणजे वर. पाचवीतील मुलासही हे दोन्ही शब्द येतात. पण दोन्ही एकत्र आले की तंबू उभारला जातो, छत्री उघडली जाते, भाव वाढतात, उमेदवार उभा राहतो, पाहुण्याची राहण्याची सोय होते, लोणचे बरणीत जाते, तलवार म्यानात जाते आणि अपमान गिळला जातो. क्रियापदाच्या मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ असा एखादा लहान शब्द येऊन दोघांचा मिळून निराळाच अर्थ तयार होतो, अशा क्रियापदांस इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे नाव रूढ केले, आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे नमूद केले. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी मान्य केले होते की परकीयांस इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण येते ती या जोडक्रियापदांची. म्हणजे आपली मुले अडखळतात यात त्यांचा कमीपणा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून एका कोशकाराने ही अडचण लिहून ठेवली आहे.

वास्तविक अशी रचना आपणांस अनोळखी नाही. संस्कृतातून आलेला ‘हार’ घ्या. त्याच्यापुढे ‘आ’ लावला की आहार, ‘वि’ लावला की विहार, ‘प्र’ लावला की प्रहार, ‘सम्’ लावला की संहार. खाणे, फिरणे, मारणे आणि नष्ट करणे एवढे अंतर एका अक्षराच्या उपसर्गाने पडते. इंग्रजीतही फार पूर्वी असे उपसर्ग क्रियापदाच्या पुढे लागत. पुढे हळूहळू ते सुटे झाले आणि क्रियापदाच्या मागून चालू लागले. आपल्या घरच्या मराठीत याहून जवळचे उदाहरण आहे ते ‘लागणे’ या क्रियापदाचे. भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, एस.टी. लागते, म्हणजे फलाटावर येते किंवा एखाद्यास मळमळते. माणूस कामाला लागतो आणि कोणाच्या तरी नादीही लागतो. एखाद्या परदेशी माणसाने आपणांस विचारले की बाबा, ‘लागणे’ म्हणजे नक्की काय, तर आपण काय सांगणार? आपण म्हणू, कशाला काय लागले ते आधी सांग. ‘पुट अप’चेही तसेच आहे. काय पुट अप केले, कोणी केले आणि कोठे केले, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. पाहा, अर्थही लागतोच.

आता अर्थांकडे वळू. सर्वांत सोपा अर्थ वर करणे, उभारणे. वर्गात शिक्षक म्हणतात, ‘पुट अप युअर हँड्स’, तेव्हा हात वर करायचे असतात. तंबू, मंडप, कुंपण, इमारत, पुतळा हे सारे पुट अप होते. सूचनाफलकावर कागद डकवणे, भिंतीवर भित्तिपत्रक लावणे हेही पुट अप. छत्री उघडणे हेही. दुकानदाराने भाव वाढविले किंवा घरमालकाने भाडे वाढविले तरी इंग्लंडमध्ये हेच क्रियापद वापरतात. या अर्थांत ‘वर’ ही दिशा डोळ्यांना दिसते, म्हणून मुलांची गफलत होत नाही.

गफलत होते ती शब्दक्रमात. सूचना लावा असे सांगताना ‘पुट अप द नोटीस’ म्हटले तरी चालते, ‘पुट द नोटीस अप’ म्हटले तरी चालते. परंतु सूचनेऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले की ते मधोमधच बसले पाहिजे: ‘पुट इट अप’. ‘पुट अप इट’ हे अशुद्ध. हा नियम लहान दिसतो. पुढे त्याच नियमाने आमच्या विद्यार्थ्याच्या फाइलचे कोडे सुटणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा. तसेच ‘पुट’ हे क्रियापद भूतकाळात बदलत नाही. पुट, पुट, पुट. ‘पुटेड’ असा शब्द इंग्रजीत नाही. आमच्या वहीतपासणीत तो दर वर्षी निदान दहा वेळा भेटतो.

दुसऱ्या गटातील अर्थ पुढे करण्याचे आहेत. एखादी वस्तू किंवा व्यक्ती चारचौघांपुढे उभी करणे. निवडणुकीत उमेदवार उभा करणे हे पुट अप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत त्या पक्षाने आपले उमेदवार उभे केले. इंग्रजीत हे वाक्य लिहिताना ‘पुट अप कँडिडेट्स’ असे सहज येईल. घर विकावयास काढणे, वस्तू लिलावात काढणे हेही पुट अप. एखाद्या कामासाठी पैसा पुढे करणे, जामिनाची रक्कम भरणे हेही. लढत देणे, झुंज देणे यासाठी ‘पुट अप अ फाइट’ असे म्हणतात. यात एक बारकावा आहे. पराभूत झालेल्याविषयीही हा शब्दप्रयोग वापरता येतो, किंबहुना अनेकदा त्याच्याविषयीच वापरतात. जिंकणे-हरणे बाजूला ठेवून केवळ चिवटपणाची नोंद त्यात असते.

इंग्रजीत ‘पुट अप ऑर शट अप’ अशी एक उद्धट म्हण आहे. पैज लावायची असेल तर पैसे मांडा, नाहीतर तोंड बंद ठेवा, असा तिचा आशय. १९९५ च्या जून महिन्यात ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी आपल्याच पक्षातील टीकाकारांना हेच शब्द ऐकवून पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला आणि ज्याला उभे राहायचे असेल त्याने समोर यावे, असे आव्हान दिले. जॉन रेडवुड उभे राहिले. ४ जुलै रोजी मतदान होऊन मेजर २१८ विरुद्ध ८९ मतांनी निवडून आले. पाच शब्दांच्या म्हणीवर एका पंतप्रधानाने आपले पद पणास लावले, असे उदाहरण विरळा.

याच गटात आपल्या कचेऱ्यांमधील ‘पुट अप’ येते. आपल्या समाजातील पहिली शिकलेली पिढी मोठ्या संख्येने सरकारी नोकरीत गेली. त्यातील निवृत्त मंडळी हा लेख वाचत असतील तर त्यांच्या कानांत हा शब्द अजून घुमत असेल. फाइल पुट अप करा, मसुदा पुट अप करा, उद्या सकाळी पुट अप झालेच पाहिजे. कनिष्ठाने वरिष्ठापुढे कागद निर्णयासाठी ठेवणे, असा याचा अर्थ, आणि येथे ‘अप’ची दिशा टेबलाची नसून अधिकाराची आहे. खालून वर. १९६० मध्ये राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि पुट अप करण्याऐवजी ‘सादर करणे’ हा शब्द लेखी व्यवहारात स्थिर झाला. तोंडी व्यवहारात मात्र मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत पुट अप जिवंत आहे, आणि इंग्रजीत शेरे मारणारे अधिकारीही आहेत.

आता त्या शेऱ्याचे कोडे. ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’. कचेरीची इंग्रजी तारेसारखी काटकसरीची असते. काय सादर करायचे ते गृहीत धरून गाळलेले असते. गाळलेला ‘इट’ आपण मघाच्या नियमाप्रमाणे मधोमध भरू: ‘पुट इट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’. ते सादर करा, मागील कागदांसह. अर्थ लगेच उलगडतो. येथे ‘विथ’ हा साधा ‘सह’ आहे, क्रियापदाचा भाग नाही. सहन करण्याच्या अर्थाचे ‘पुट अप विथ’ हे तीन शब्दांचे एकसंध क्रियापद आहे. त्याच्या पोटात काहीही शिरू शकत नाही. ज्याला सहन करायचे ते नेहमी ‘विथ’च्या पुढेच येते. ‘आय पुट अप विथ इट’ बरोबर, ‘आय पुट इट अप विथ’ चूक. म्हणून शंका आली की मध्ये ‘इट’ घालून पाहावे. तो बसला तर प्रकरण सादर करण्याचे, न बसला तर सोसण्याचे. ही युक्ती आम्हांस त्या रात्रीनंतर सुचली. वर्गात सुचावयास हवी होती.

परंतु ‘वर ठेवणे’ यातून ‘सहन करणे’ हा अर्थ निघाला कसा? या प्रश्नात आमच्यातील इतिहासाचा विद्यार्थी रमतो. जुन्या इंग्रजीत पुट अप याचा आणखी एक अर्थ होता: वस्तू जागच्या जागी नीट ठेवून देणे, आत घालून बंद करणे. वापरून झालेली तलवार म्यानात घालणे हे पुट अप. १६११ च्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलमध्ये येशू पेत्रास तलवार म्यानात घालण्यास सांगतो तेथे हेच क्रियापद आहे. अमेरिकेत घरगुती फळे, भाज्या, लोणची हंगामात बरण्यांत भरून ठेवण्यासही पुट अप म्हणतात. आपली आजी उन्हाळ्यात कैऱ्यांचे लोणचे घालून बरणीचे तोंड फडक्याने बांधीत असे, ते अगदी हेच. याच ओघात वस्तू खिशात टाकणे यासही पुट अप म्हणत, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द अपमानास लागू झाला. कोणी अपमान केला, तलवार उपसली नाही, उलट उत्तर दिले नाही. तो अपमान मुकाट खिशात घातला. पुढे अठराव्या शतकात त्यास ‘विथ’ जोडला गेला आणि ‘पुट अप विथ’ हे आजचे रूप तयार झाले. तोवर खिसा विसरला गेला होता, केवळ सोसणे उरले.

मराठीने यासाठी खिसा निवडला नाही, पोट निवडले. अपराध आपण पोटात घालतो, अपमान गिळतो. पोटात घालण्यात क्षमा आहे, गिळण्यात लाचारी आहे. इंग्रजीच्या खिशात हा भेद नाही. तरी ‘पुट अप विथ’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द आमच्या मते ‘सहन करणे’ हा नव्हे, ‘खपवून घेणे’ हा आहे. दोन्ही बोलीतले, दोन्ही जोडक्रियापदे, आणि दोन्हींचा खरा जोर नकारात दिसतो. “हे आम्ही खपवून घेणार नाही” या वाक्याचे इंग्रजी करताना ‘टॉलरेट’ घातला तर निवेदन तयार होते. ‘वी वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हटले तर माणूस बोलताना ऐकू येतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘पुट अप विथ’ बहुधा कटकटीसाठी असतो. शेजाऱ्याचा गोंगाट, खानावळीचे पातळ वरण, उशिरा येणारी बस, खवचट वरिष्ठ यांच्यासाठी तो योग्य. एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते की आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके अस्पृश्यता ‘पुट अप विथ’ केली. व्याकरण बिनचूक होते. तरीही आम्ही तांबड्या शाईने तो शब्द खोडला आणि ‘एन्ड्युअर्ड’ लिहिला. वाक्य वाचून असे वाटत होते की अस्पृश्यता ही काहीतरी गैरसोय होती आणि लोकांनी ती चालवून घेतली. त्याच निबंधात पुढे त्याने लिहिले होते की १९२७ साली महाडला जमलेल्या लोकांनी ती यापुढे ‘पुट अप विथ’ करण्यास नकार दिला. ते वाक्य आम्ही तसेच राहू दिले. मुलाने वर्गातच विचारले, “सर, तिथं चूक आणि इथं बरोबर कसं?” आम्ही सांगितले की नकार देताना शब्द लहान असला तर नकार मोठा होतो. हे उत्तर व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात नाही आणि ते सर्वांस पटेलच असेही नाही. त्या मुलाच्या चेहऱ्यावरून तो अर्धाच पटला होता.

या क्रियापदाविषयी एक गमतीची कथा प्रसिद्ध आहे. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘ऑफ’ असे शब्द येऊ नयेत, असा एक आग्रह होता. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता, आणि पुढील पंडितांनी त्याचा नियम केला. विन्स्टन चर्चिल यांच्या मसुद्यात कोणा लिपिकाने या नियमानुसार दुरुस्ती केली, तेव्हा चर्चिलनी ‘पुट अप विथ’चे तीनही शब्द मुद्दाम उलटेसुलटे मांडून, असला मूर्खपणा मी खपवून घेणार नाही, असा शेरा मारला, असे सांगतात. कथा चांगली आहे, पण चर्चिलच्या नावावर तिला भक्कम पुरावा नाही. युद्धकाळात हाच विनोद त्यांचे नाव न घेता छापला गेला होता. थोरांच्या नावावर विनोद खपविण्याची सवय सर्व भाषांत आहे. कथेतील व्याकरण मात्र खरे आहे. या तीन शब्दांची मोडतोड केली की वाक्य हास्यास्पद होते.

दोन किरकोळ अर्थ येथेच उरकून घेऊ. एखाद्यास फूस लावून काही करावयास लावणे यास ‘पुट समवन अप टू समथिंग’ म्हणतात. वसतिगृहात मोठी मुले लहानांना पाठवून स्वयंपाकघरातून गूळ आणवीत, ते हेच. आणि आधीच संगनमत करून रचलेला बनाव म्हणजे ‘पुट-अप जॉब’. हा शब्द चोरांच्या बोलीतून आला आणि न्यायालयापर्यंत पोहोचला.

राहिला तो मुक्कामाचा अर्थ. पूर्वी इंग्लंडमध्ये घोडागाडीचा प्रवासी रात्री एखाद्या सराईत थांबे, घोडा तबेल्यात बांधला जाई, आणि तो अमुक सराईत ‘पुट अप’ झाला, असे म्हणत. येथे दोन बाजू ध्यानात घ्याव्यात. उतरणारा स्वतः ‘पुट अप ॲट’ करतो. ज्याच्या घरी उतरायचे तो यजमान पाहुण्यास ‘पुट अप’ करतो, म्हणजे त्याची रात्रीची सोय करतो. इंग्लंडमध्ये पहिला प्रयोग आता जुनाट झाला आहे, दुसरा सर्रास चालतो. भारतात उलट झाले. साहेबाने येथे आणलेला जुना प्रयोग आपण सोडला नाही; उलट तो वाढवून कायम राहण्याससुद्धा लावला. “व्हेअर आर यू पुटिंग अप?” म्हणजे आपण कोठे राहता, असे पुण्या-मुंबईत आजही विचारतात. लंडनच्या माणसास हा प्रश्न नीट कळेलच असे नाही.

आम्हांसही तो कळला नव्हता. एम.ए. झाल्यानंतर पहिल्या मुलाखतीस आम्ही एका मोठ्या शहरात गेलो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. इतिहासाच्या प्रश्नांची उत्तरे बरी गेली. मग एका सदस्यांनी सौजन्याने विचारले, “व्हेअर आर यू पुटिंग अप?” आम्ही मनात झपाट्याने भाषांतर केले, की कोठे वर ठेवीत आहात? आणि उत्तर दिले की प्रमाणपत्रे टेबलावर ठेवली आहेत. तीन सदस्यांपैकी दोघे हसले. तिसऱ्यांनी मराठीत सांगितले, “अहो, मुक्कामाला कुठे उतरलात, असं विचारताहेत.” तेव्हा आम्ही अधिकच गप्प झालो. कारण अर्थ कळला तरी उत्तर सांगण्याजोगे नव्हते. रात्र आम्ही एस.टी. स्थानकाच्या बाकावर काढली होती. त्या शहरात आम्हांस पुट अप करणारे कोणी नव्हते आणि कोठे पुट अप होण्याइतके पैसे नव्हते. नोकरी मिळाली नाही. त्या प्रश्नामुळेच मिळाली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तसा समज बरीच वर्षे होता, हे खरे.

पुढे बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन वाचनात आले. ते त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात आहे. त्यातील बडोद्याचा प्रसंग आपल्या वाचकांस अपरिचित नाही. आम्ही तो येथे या क्रियापदाच्या प्रकाशात सांगतो. १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन आलेला हा विद्वान बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास त्या शहरात उतरला. प्रश्न एकच होता: राहायचे कोठे? हिंदू खानावळ त्यांना घेणार नव्हती. एका पारशी सराईत, पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. दिवस कचेरीत जाई, रात्र त्या अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या जागेत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेले. शहरात दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीस विचारून सांगतो म्हटले. उत्तर नकाराचेच होते. सार्वजनिक बागेत, कामाठी बागेत, पाच तास बसून त्यांनी रात्री नऊच्या गाडीने मुंबई गाठली.

इंग्रजी व्याकरणात सांगायचे तर त्या दिवशी पहिला प्रयोगही त्यांना नाकारला गेला आणि दुसराही. सराईत ‘पुट अप ॲट’ करण्यास उसने नाव लागले, आणि त्यांना ‘पुट अप’ करील असा यजमान साऱ्या शहरात निघाला नाही. कोलंबियाचे उच्च शिक्षण आणि अस्खलित इंग्रजी जवळ असताना. हा उतारा वाचल्यानंतर आमच्या मुलाखतीची आठवण आम्हांस पूर्वीइतकी बोचेनाशी झाली. आमच्याकडे शब्द नव्हता; त्यांच्याकडे सगळे शब्द होते आणि जागा नव्हती. वर्गात ‘पुट अप’ शिकविताना आम्ही आता हा प्रसंग सांगतो. परीक्षेच्या दृष्टीने त्याची गरज नाही, पण ‘पुट समवन अप’ याचा अर्थ त्यानंतर कोणीही विसरत नाही.

आपल्या शाळेच्या वसतिगृहात बाहेरगावचे पालक उशिरा पोहोचले की त्यांची सोय ग्रंथालयालगतच्या खोलीत करीत. सतरंज्या कमी पडत, पण परत पाठविल्याचे आम्हांस आठवत नाही. त्यास इंग्रजीत काय म्हणतात, हे त्या पालकांस ठाऊक नव्हते, आणि सतरंजी अंथरणाऱ्या मुलांसही नव्हते.

मुलाखतीस जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी एवढे सांगतो, की हा प्रश्न आला तर उत्तरात पुट अप पुन्हा वापरण्याचे बंधन नाही. ‘आय ॲम स्टेइंग विथ अ रिलेटिव्ह’, नातेवाइकाकडे उतरलो आहे, एवढे पुरते. कायमचा पत्ता सांगायचा असेल तर ‘आय लिव्ह इन’ म्हणावे. बाकावर रात्र काढली असेल तर तेही सांगण्यास हरकत नाही. आम्ही सांगितले नाही, याचे आम्हांस आता वाईट वाटते.

लिपिक झालेल्या त्या विद्यार्थ्याचा महिन्याभराने पुन्हा फोन आला. फाइल मागील कागदांसह सादर झाली होती, साहेबांनी सही केली होती. या वेळी प्रश्न निराळा होता. “सर, फाइलमध्ये वरच्या कागदावर ‘पी.यू.सी.’ लिहिलंय. हे पुट अपचंच काही आहे का?” आम्ही क्षणभर तसेच समजलो आणि त्यास थांबावयास सांगितले. मग आपल्या शाळेच्या पहिल्या तुकडीतील, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनास विचारले. ते म्हणाले, “नाही हो सर, पेपर अंडर कन्सिडरेशन. विचाराधीन कागद. आणि मोटारसायकलचं पी.यू.सी. वेगळं, ते धुराचं.” आम्ही ते वहीत लिहून घेतले आणि मुलास फोन लावला.